रेड हाउस: मॉरिसच्या घराला मॉरिसचाच नियम

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहात. सुट्टीत बहिणीकडे इंग्लंडला गेला होतात आणि लंडनच्या आग्नेय टोकाला, बेक्स्लीहीथमधलं रेड हाउस पाहून आलात. ‘आधुनिक घराची सुरुवात इथून झाली’ असं वर्गात ऐकलं होतं, आणि समोर दिसलं ते टोकदार कमानींचं, उंच कौलारू छपराचं, पाद्र्याच्या घरासारखं जुन्या वळणाचं काहीतरी. आत काही भिंती कोऱ्या, काही चित्रं पुसट. तुम्ही विचारता: यात आधुनिक काय आहे? दर्जा एकची संरक्षित वास्तू म्हणजे नेमकं काय? आणि पैसा, तज्ज्ञ, जुने नकाशे हे सगळं हाताशी असताना या घराचा पहिला मालक, इंग्रज कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस, याच्या वेळचं घर पुन्हा जसंच्या तसं का उभं करत नाहीत?

मी पंचवीस वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, बहुतेक पुण्यात आणि मुंबईत. रेड हाउस मी दोनदा पाहिलंय. पहिल्या वेळी मीही तुमच्याइतकाच गोंधळलो होतो. दुसऱ्या वेळी हातात फूटपट्टी आणि विजेरी घेऊन गेलो, आणि तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटू लागला. तिथपर्यंत पोचायला मात्र घराची जन्मकथा लागते.

मॉरिसचा जन्म १८३४चा, वॉल्थमस्टोचा. ऑक्सफर्डचं शिक्षण संपल्यावर १८५६च्या जानेवारीत तो जॉर्ज एडमंड स्ट्रीट या वास्तुविशारदाच्या ऑक्सफर्डमधल्या कचेरीत उमेदवारी करायला लागला. तिथे त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा फिलिप वेब आधीपासून काम करत होता. मॉरिसने वास्तुकला काही महिन्यांतच सोडली. वेबशी जुळलेली मैत्री जन्मभर टिकली. १८५८ साली दोघं आणि त्यांचा मित्र चार्ल्स फॉकनर फ्रान्समध्ये सीन नदीतून होडीने फिरत होते, तेव्हा प्रवासाच्या मार्गदर्शिकेतल्या नकाशाच्या पाठीवर वेबने या घराचं पहिलं रेखाटन केलं असं सांगतात. पुढच्या एप्रिलमध्ये मॉरिसचं जेन बर्डनशी लग्न झालं, त्याच सुमारास नकाशे तयार झाले आणि १८६०च्या जूनमध्ये नवराबायको राहायला आले. वेबचं हे स्वतंत्रपणे केलेलं पहिलंच काम. खर्च सुमारे ४,००० पौंड. मॉरिसला वडिलांमागे मिळालेल्या तांब्याच्या खाणीच्या शेअरमधून वर्षाला ९०० पौंडांच्या आसपास मिळत होते, म्हणजे चार वर्षांहून जास्त कमाई त्याने या एका घरात घातली. तेव्हा तो पंचविशीत होता.

जागा होती केंट परगण्यातल्या अप्टन या वस्तीत, सफरचंद आणि चेरीच्या जुन्या बागेत. घर बसवताना झाडं शक्य तितकी राखली. शरदातल्या उकाड्याच्या रात्री पिकलेली सफरचंदं उघड्या खिडक्यांतून आत पडायची, ही आठवण मॉरिसच्या चरित्रात आहे. मला ती नुसती गोड आठवण वाटत नाही. जोत्यापासून फांदीपर्यंतचं अंतर किती कमी ठेवलं होतं, याची ती नोंद आहे. आज भोवती उपनगर आहे, पण भिंतीच्या आत गेलं की त्या बागेचा अंदाज येतो.

आता नकाशा. घर काटकोनी आहे, दोन मजली, आणि काटकोनाच्या कुशीत विहीर. विहिरीवर ओकच्या जाड खांबांवर उभं शंकूसारखं कौलारू छप्पर आहे. फोटोत सगळे तेच दाखवतात, कारण ते देखणं आहे. पण विहीर तिथे काय काम करते ते उभं राहून पाहा. दोन बाजूंना घराच्या भिंती, तिसऱ्या-चौथ्या बाजूला बाग, आणि मधोमध पाणी. आपल्याकडे वाड्याच्या चौकात वावरलेल्या माणसाला हे लगेच कळतं. घराचा मध्य इथे खोलीत नाही, उघड्यावर आहे. चौकाची उरलेली बाजूही बांधायचा बेत होता. त्याकडे पुढे येतो.

मुख्य दारातून आत गेलं की मोठा हॉल, समोर ओकचा जिना. जेवणाची खोली खाली, मोठा दिवाणखाना वर, मॉरिसचा स्टुडिओही वरच. नोकरांसाठीची जागा त्या काळच्या मानाने ऐसपैस ठेवली आहे. मॉरिस आणि वेब दोघंही पुढे समाजवादी झाले त्याचा माग काही अभ्यासक इथपर्यंत नेतात. जिन्याचे कोपऱ्याचे खांब वर निमुळते होत गेलेले, देवळाच्या छोट्या शिखरांसारखे. खालून वर पाहिलं की जिन्याचा सांगाडा उघडा दिसतो. कुठे काय कशावर टेकलंय ते लहान मुलालाही बोट ठेवून दाखवता येईल.

बाहेरून पाहताना खिडक्यांकडे बघा. एकही बाजू सममित नाही. कुठे उंच खिडकी, कुठे वर-खाली सरकणाऱ्या तावदानांची, बोळाच्या भिंतीत गोल खिडक्या, छपरातून डोकावणाऱ्या वेगळ्या. त्या काळच्या श्रीमंत घरात आधी दर्शनी भाग आखायचे, समान अंतरावर समान खिडक्या मांडायचे, आणि मग आतल्या खोल्या त्या खिडक्यांच्या मागे कशाबशा बसवायचे. वेबने उलट केलं. खोलीला उजेड जिथे हवा तिथे भोक पाडलं आणि बाहेरची भिंत त्याचा परिणाम म्हणून दिसू दिली. तुमच्या ‘यात आधुनिक काय’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं विटेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनभोवतीच्या बंगल्यांवर गिलावा चढवून, त्यावर रेघा ओढून तो दगड असल्याचं भासवण्याची चाल होती. विटेवर इंग्लंडमध्ये १८५० पर्यंत सरकारी कर होता. तो उठला, पुढच्या वर्षी खिडक्यांवरचाही उठला. म्हणजे मोठाल्या उघड्या विटांच्या भिंती आणि हव्या तितक्या खिडक्या परवडण्याची वेळ नुकती आली होती. वेबने लाल वीट घेतली आणि ती झाकली नाही. वरून चिकटवलेली सजावट जवळजवळ नाहीच. जे डोळ्यांत भरतं ते काम करणारं आहे: खिडक्यांवरच्या कमानी, धुराडी, जिन्याच्या मनोऱ्यावरचं टोकदार छप्पर.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतो तो एक तपशील. बऱ्याच खिडक्यांवर मध्ययुगीन वळणाची टोकदार कमान आहे, पण खिडकी तिच्या पोटात शिरत नाही. कमानीच्या खालचा भाग विटांनी भरलेला आहे आणि त्याखाली अठराव्या शतकातल्या कुठल्याही साध्या इंग्रजी घरात शोभेल अशी सरकत्या तावदानांची खिडकी. वरच्या भिंतीचा भार टोकदार कमान घेते आणि दोन्ही बाजूंना उतरवते; खाली लाकडाच्या चौकटीवर ओझं येत नाही. गॉथिक कमान वेबने शोभेसाठी घेतलेली नाही, भार वाहण्यासाठी घेतली, आणि खिडकी मात्र रोज उघडायला सोपी ती घेतली. दोन वेगवेगळ्या शतकांतल्या वस्तू शेजारी शेजारी बसल्या आहेत, कारण दोघींना आपापलं काम आहे.

‘पहिलं आधुनिक घर’ हे बिरुद मात्र मी जपून वापरायला सांगेन. हर्मान मुथेसियुस या जर्मन वास्तुविशारदाने १९०४ साली इंग्रजी घरांवरच्या आपल्या ग्रंथात रेड हाउसला आत-बाहेर एकसंध कल्पनेतून घडलेलं पहिलं घर म्हणून मान दिला, आणि मग पुढच्या पिढ्यांनी तेच गिरवलं. पण विल्यम बटरफील्डने आणि खुद्द स्ट्रीटने त्याआधी बांधलेली पाद्र्यांची घरं बघा: उघडी वीट, गरजेनुसार खिडक्या, उंच छप्पर, सगळं तिथे आहे. वेब हे स्ट्रीटच्या कचेरीत टेबलावर रोज आखत होता. म्हणून तुम्हाला ते पाद्र्याच्या घरासारखं वाटलं यात तुमची नजर बरोबर आहे. वेबने चर्चची भाषा चर्चच्या आवारातून बाहेर काढून एका तरुण जोडप्याच्या घराला दिली. तुमच्या प्रबंधात हे वाक्य ‘पहिलं आधुनिक घर’पेक्षा जास्त टिकेल.

घरात दोषही आहेत, आणि तेही सांगायला हवेत. मुख्य खोल्यांची तोंडं उत्तरेला आहेत. इंग्लंडमध्ये उत्तरेकडून ऊन येत नाही, त्यामुळे हिवाळ्यात त्या खोल्या गारठतात. चाळिशी ओलांडेपर्यंत वास्तुविशारदाला घर बांधू देऊ नये असं वेब पुढे म्हणायचा, अशी आठवण सांगितली जाते. त्याचं स्वतःचं वय तेव्हा अठ्ठावीस होतं.

आतल्या सजावटीकडे वळू, कारण तुमचा तिसरा प्रश्न इथूनच सुरू होतो. घर बांधून झालं आणि मॉरिसला बाजारातलं फर्निचर, पडदे, काचसामान काहीच पसंत पडेना. म्हणून मित्रांना बोलावून सगळं हाताने करायचं ठरलं. शनिवार-रविवारी लंडनहून मंडळी यायची. ॲबी वुड स्टेशन तिथून तीनेक मैलांवर. तिथे मॉरिसची घोडागाडी उभी असायची. चित्रकार मित्र एडवर्ड बर्न-जोन्सने दिवाणखान्याच्या भिंतीवर सर डेग्रेव्हंट या मध्ययुगीन कथेतल्या लग्नाचे प्रसंग रंगवले. मेजवानीतल्या राजाराणीचे चेहरे मॉरिस आणि जेन यांचे आहेत. दुसरा चित्रकार मित्र डांटे गॅब्रिएल रोझेटी याने मोठ्या लाकडी बाकाच्या दारांवर चित्रं काढली. हा बाक मॉरिसच्या लंडनमधल्या आधीच्या बिऱ्हाडातून आणलेला. दिवाणखान्यात बसवताना वेबने त्याच्या डोक्यावर वादकांसाठी सज्जा केला आणि वर चढायला शिडी ठेवली. चुलाण्यावर लॅटिनमध्ये लिहिलं: कला दीर्घ, आयुष्य थोडं. जेनने कुठूनतरी निळं जाडंभरडं लोकरी कापड शोधून आणलं आणि तिने व मॉरिसने मिळून त्यावर साधी फुलं भरली. ते कापड खोलीच्या भिंतींवर टांगलं जायचं.

या हौसेतूनच १८६१च्या एप्रिलमध्ये मॉरिस, मार्शल, फॉकनर अँड कंपनी ही घरसजावटीच्या वस्तू बनवणारी कंपनी उभी राहिली. बागेतल्या गुलाबाच्या जाळीवरून मॉरिसने १८६२ साली भिंतीच्या कागदाचं पहिलं डिझाइन केलं, आणि त्यातले पक्षी वेबने काढले, कारण मॉरिसला आपल्या हातच्या पक्ष्यांचा भरवसा नव्हता. तो कागद विक्रीला आला १८६४ साली. ही तारीख लक्षात ठेवा.

इथे आपल्या बाजूचा एक खरा धागा आहे. बर्न-जोन्सची बायको जॉर्जियाना ही रेड हाउसमध्ये कायम येणारी, जेनसोबत बसून भरतकाम करणारी. तिची सख्खी बहीण ॲलिस. तिने १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंगशी लग्न केलं आणि त्याच वर्षी दोघं मुंबईला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्याच्या शिक्षकाच्या नोकरीसाठी आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची शिल्पं त्याच्या आराखड्यांनुसार झाली. मॉरिस कुटुंबाने रेड हाउस सोडलं त्याच हिवाळ्यात, ३० डिसेंबर १८६५ रोजी, ॲलिसचा मुलगा रुडयार्ड मुंबईत जन्मला. हाताने घडवलेल्या वस्तूला मान देणारा जो विचार जे. जे.च्या कार्यशाळांत शिकवला गेला, त्याचं एक माहेर या बेक्स्लीहीथच्या बागेत आहे. तुम्ही जे. जे.मध्ये असाल तर तुमच्या प्रबंधासाठी ही वाट पक्की आहे.

घर सोडलं ते नाइलाजाने. १८६४ साली वेबने चौकाची उरलेली बाजू आखली होती. तिथे बर्न-जोन्स कुटुंब राहायला येणार होतं. त्या शरदात जॉर्जियानाला स्कार्लेट फीव्हर झाला, तिचं नवजात बाळ गेलं, आणि बर्न-जोन्सने बेत सोडला. मॉरिस स्वतः संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळला. खाणीचं उत्पन्न घटत होतं, रोजचा लंडनचा प्रवास झेपेना. १८६५च्या नोव्हेंबरमध्ये कुटुंब ब्लूम्सबरीतल्या क्वीन स्क्वेअरला, कंपनीच्या कारखान्याच्या वर राहायला गेलं. साडेपाच वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. पुढे त्याने हे घर पुन्हा पाहिलं नाही.

घराचं आयुष्य मात्र तिथून पुढे सुरू झालं, आणि ते मॉरिसच्या मुक्कामापेक्षा कितीतरी मोठं आहे. १८८९ साली ते चार्ल्स होमने घेतलं. पुढे ‘द स्टुडिओ’ हे कलाविषयक मासिक त्यानेच काढलं. हात बदलत गेले. १९५२ साली टेड आणि डोरिस हॉलंबी यांनी एका मित्रकुटुंबासोबत ते घेतलं. हॉलंबी वास्तुविशारद, लंडनमध्ये सार्वजनिक घरबांधणीत आयुष्य घालवलेले. त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षं हे घर राहून सांभाळलं. कोणी ना कोणी रोज खिडक्या उघडत होतं, पन्हळी साफ करत होतं, म्हणून आज आपण या घराबद्दल बोलतोय. २००३ साली ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आलं.

आता ‘दर्जा एक’. इंग्लंडमध्ये संरक्षित इमारतींच्या याद्या दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला, बॉम्बहल्ल्यांत काय गेलं आणि काय वाचवायचं या विचारातून, कायद्यात आल्या. १९४७च्या नगररचना कायद्याने त्यांना घट्ट पाया दिला. आज १९९०चा वेगळा कायदा लागू आहे आणि यादी हिस्टॉरिक इंग्लंड ही सरकारी वारसा संस्था सांभाळते. दर्जे तीन: एक, दोन-तारांकित, दोन. एकूण नोंदींपैकी पहिल्या दर्जात अडीच टक्केच. पण पुष्कळ विद्यार्थी चुकतात ती गोष्ट अशी, की परवानगीचा नियम तिन्ही दर्जांना सारखाच आहे. दर्जाने बदलतं ते वास्तूचं वजन आणि कोणाकोणाचा सल्ला घ्यावा लागतो ते. आणि संरक्षण फक्त दर्शनी भागाला नाही. आतला जिना, दारं, गिलावा, भिंतीवरचा रंग, शिवाय आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची बांधकामं, सगळं त्यात येतं. विनापरवाना बदल हा फौजदारी गुन्हा आहे. मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली केली तेव्हा दर्जा एक, दोन-अ, दोन-ब, तीन अशी उतरंड घेतली, ती तुम्हाला ओळखीची असेलच. शब्द तोच असला तरी दोन्हीकडचा अर्थ तंतोतंत सारखा धरू नका. प्रत्येक दर्जात आतल्या भागाचं काय होतं ते दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचा.

आता तो तिसरा प्रश्न.

१८७७ साली मॉरिसने आणि वेबने मिळून जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली, सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज. निमित्त झालं ट्यूक्सबरीच्या प्राचीन मठ-चर्चच्या जीर्णोद्धाराच्या बेताचं. त्या काळी इंग्लंडभर चर्चचा ‘जीर्णोद्धार’ चालला होता: नंतरच्या शतकांचे थर खरवडायचे, भिंत कोरी करायची, आणि मूळ बांधणाऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज करून नवं घडवायचं. मॉरिसचं म्हणणं असं की भूतकाळ परत आणता येत नाही; आणता येते ती त्याची नक्कल, आणि ती करताना खरं होतं ते जातं. म्हणून खरवडू नका, अंदाज बांधू नका. रोजची निगा राखा, गळती थांबवा, डळमळलेल्याला टेकू द्या. आणि दुरुस्ती केली तर ती दुरुस्ती म्हणून ओळखू येऊ द्या. या संस्थेच्या मंडळींनी पुढे झिजलेल्या दगडात नवा कोरीव दगड बसवण्याऐवजी चपट्या कौलांचे थर भरायची पद्धत रूढ केली. लांबून भिंत सलग दिसते, जवळून दुरुस्ती लपत नाही.

हाच नियम त्यांच्या स्वतःच्या पहिल्या घराला लावला की काय होतं, ते रेड हाउसमध्ये दिसतं. मॉरिसच्या वेळचं घर उभं करा म्हणजे नेमकं कोणतं? १८६०चं, भिंती ओल्या आणि चित्रं अर्धी असलेलं? की १८६५चं? तुम्हाला आणि मला ‘मॉरिसचं घर’ म्हटल्यावर पानाफुलांचे छापील कागद डोळ्यांपुढे येतात. पण मघाची तारीख आठवा: पहिला कागद विक्रीला आला १८६४ साली, घर सोडण्याच्या वर्षभर आधी. हे घर सजलं ते हाताने रंगवून आणि भरतकाम टांगून. कागद लावून ‘मूळ रूप’ दिलं, तर जे कधी नव्हतं ते उभं राहील आणि पाहणाऱ्याला ते अस्सल वाटेल.

चित्रं पुसट का आहेत, यालाही कारण आहे. भिंतीवर टिकणारं चित्र काढायचं तर चुन्याचा ओला गिलावा आणि त्यातच रंग मुरवण्याची घाई लागते, किंवा सुकलेल्या भिंतीवर आधी नीट अस्तर लागतं. या मंडळींकडे उत्साह होता, पद्धत नव्हती. १८५७ साली ऑक्सफर्ड युनियनच्या भिंतींवर याच मित्रांनी नव्या विटांवर जेमतेम पांढरा हात मारून चित्रं काढली आणि ती थोड्याच वर्षांत विटली. रेड हाउसमध्ये ते थोडं शिकले होते, पुरेसं नाही. त्या भिंतीवर आता कोणी नव्याने चित्र रंगवलं, तर बर्न-जोन्सचा हात कायमचा झाकला जाईल.

आणि थांबण्याचं फळ २०१३ साली दिसलं. मॉरिसच्या निजायच्या खोलीत कपाटामागे आणि नंतरच्या थरांखाली बायबलमधल्या व्यक्तींचं भलंमोठं भित्तिचित्र सापडलं: आदम आणि इव्ह, नोहा, याकोब, राहेल, आणि पार्श्वभूमीला टांगलेल्या पडद्याचा आभास. ते एकट्याचं काम नाही. मॉरिस, बर्न-जोन्स, रोझेटी, त्याची चित्रकार बायको एलिझाबेथ सिडल, चित्रकार फोर्ड मॅडॉक्स ब्राउन, एवढ्या हातांचा त्यात सहभाग असल्याचं अभ्यासकांचं मत आहे. सिडल १८६२ साली वारली. तिचं काम फार थोडं उरलंय. आधीच्या कोणा मालकाने ती खोली मॉरिसच्या आठवणीखातर खरवडून चकाचक केली असती, तर हे गेलं असतं. वर कपाट लावणाऱ्या, रंग मारणाऱ्या माणसांनी नकळत ते राखलं.

मी हे इतक्या ठामपणे सांगतो त्यामागे माझी एक चूक आहे. पुण्यात एका वाड्याच्या मागच्या भिंतीच्या दरजा मी कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत सिमेंटने भरून घेतल्या. भिंत नीटनेटकी, नव्यासारखी दिसू लागली, घरमालक खूश झाले. तीन पावसाळ्यांनंतर विटांचे पापुद्रे सुटायला लागले. चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ असते, भिंतीत शिरलेलं पाणी तिच्यातून बाहेर पडतं, आणि झिजायचंच तर ती झिजते. दहा-वीस वर्षांनी पुन्हा भरता येते. सिमेंट पाण्याची ती वाट बंद करतं. मग पाणी विटेतून बाहेर पडतं, जाताना क्षार विटेच्या पृष्ठभागामागे ठेवतं, आणि वीटच फुटते. इंग्लंडमध्ये त्यात हिवाळ्याचं गोठणं भर घालतं. दरज पुन्हा भरता येते, जुनी वीट परत मिळत नाही. त्या भिंतीतल्या चाळीसेक विटा मी घालवल्या. तेव्हापासून ‘नव्यासारखं’ हा शब्द कंत्राटदाराच्या तोंडी आला की मी काम थांबवून आधी चर्चा करतो.

तुम्ही म्हणाल, मग काहीच पुन्हा रंगवायचं नाही का? इथे मी स्वतः कडवा नाही, आणि याला उदाहरण रेड हाउसच देतं. जिन्यावरच्या आणि इतर काही छतांवर साधी, पुन्हा पुन्हा येणारी नक्षी आहे. ती रंगवण्याआधी गिलावा ओला असताना टोचणीने तिची भोकं पाडून ठेवली होती. रंग उडाला, वर दुसरे हात बसले, तरी भोकं राहिली. बर्न-जोन्सचं चित्र एकदाच होतं; ते विटलं तर विटलं. पण टोचलेली नक्षी हा करणाऱ्याने मागे ठेवलेला खाका आहे, रांगोळीच्या ठिपक्यांसारखा. ठिपके साक्षीला असतील तिथे, तेवढ्याच भागात, नोंद ठेवून आणि उलटवता येईल अशा रंगाने नक्षी भरली, तर त्यात अंदाज नाही. भोकं जिथे संपतात तिथे कुंचलाही थांबला पाहिजे. माझ्या मते हीच सीमा, आणि ती आपल्या वाड्यांतल्या रंगीत तक्तपोशीलाही तशीच लागू होते.

रोझेटीच्या बाकावरची चित्रं आता घरात नाहीत, हे तुम्हाला खटकलं असेल. एक लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, बाकीची कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहालयात, ओटावाला. बाक जागेवर आहे. तिथे नकला बसवू नयेत असंच मी म्हणेन. रिकामी जागा काय गेलं ते नेमकं सांगते.

पुन्हा जाल तेव्हा दोन गोष्टी करा. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उभं राहून, तिथल्या माणसांची परवानगी घेऊन, विजेरी छताला जवळजवळ समांतर धरा. तिरप्या उजेडात ती टोचणीची भोकं सावल्यांसह उठून दिसतात. आणि बाहेर येऊन वर पाहा. छपरावरच्या वातकुक्कुटावर मॉरिसची आद्याक्षरं आणि १८५९ हे साल आहे. त्याच्या खाली, पावसाच्या बाजूच्या विटांच्या दरजा तपासा: रंग, रुंदी, आणि नखाने हलकेच दाबल्यावर किती मऊ लागतात. त्या तीन नोंदी आणि एक फोटो मला पाठवा, मग तुमच्या प्रबंधातल्या दुरुस्तीच्या प्रकरणावर पुढे बोलू.